पैकीच्या पैकी

९ जानेवारी १९७८, सांगली

डायरी लिहिण्याचं खूळ मला कधीच नव्हतं. पण मोठ्या डॉक्टरांनी आज जे सुनावलं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि घरी हिला सांगितलं तर ती वर मलाच शहाणपण शिकवील. औषध कंपनीच्या माणसाने नवीन वर्षाची म्हणून दिलेली ही वही कोरी पडली होती. तिलाच सांगतो.

पुण्याच्या एका संस्थेने लहान दवाखान्यांच्या प्रयोगशाळांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली आहे. तिला नाव भारदस्त, 'बाह्य पडताळणी'. लाकडी खोक्यात, भुशात रोवलेल्या चार बाटल्या येतात. दोन लघवीच्या, दोन संडासच्या. लाखेने बंद केलेल्या, वर नुसतं अ, आ, इ, ई. आत काय आहे ते त्यांना माहीत, आपल्याला नाही. आपण रोजच्यासारखं तपासून उत्तरं धाडायची, ते गुण देणार. मी या दवाखान्यात लघवी-संडास तपासतो त्याला बारा वर्षं झाली. बाकी तपासण्या आमच्याकडे होत नाहीत, आणि जी होते ती माझ्याशिवाय कुणाला येत नाही. या वयात मला परीक्षा.

तीन बरोबर आल्या. जंतांची अंडी ओळखली, हुकवर्मची ओळखली. 'आ' बाटली चुकली. तिच्यात थोडी साखर होती आणि मी 'नाही' लिहिलं. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून नळी उकळायची, एवढंच असतं. साखर नसली तर निळं ते निळंच राहतं. असली तर आधी हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि भरपूर असली तर विटकरी. या नळीत हिरवी झाक आली होती म्हणे. मला निळं दिसलं.

"नानासो," डॉक्टर म्हणाले, "हा पेशंट असता तर तुम्ही त्याला साखर नाही म्हणून घरी धाडला असता. तो वर्षाने परत आला असता तो पाय कापून घ्यायला." हे सगळ्या स्टाफसमोर. नर्सबाया खाली बघत होत्या, म्हणजे हसत होत्या.

११ जानेवारी

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यापुढे माझ्या हातून एकही साखर निसटणार नाही. हिरव्याची शंका आली तरी हिरवं लिहीन. पेशंटने चार दिवस गोड नाही खाल्लं तर मरत नाही.

२९ जानेवारी, आष्टा

आक्काकडे आलो आहे. आई गेली तेव्हा मी चड्डीत होतो, त्यानंतर आईपण आक्कानेच केलं. लग्न होऊन आष्ट्याला आली ती मला पाठीशी घेऊनच. दाजी फौजेत, घरात सासू, आणि ही नवी नवरी भावाला चुलीपुढे बसवून पाढे म्हणवून घ्यायची. माझ्या नावापुढे आज जे काही आहे ते तिने लावलेलं आहे.

ऊसतोडीच्या वेळी तिच्या तळपायात बुडखा घुसला. जखम महिना होत आला तरी ओली. इथले डॉक्टर म्हणाले, लघवीतली साखर बघून घ्या. आष्ट्यात तपासून मिळते, पण बाई ऐकेल तर शपथ.

"आष्ट्यात दिऊ? सांजच्याला पारापतूर बोभाटा. हवालदाराच्या बायकूला साखर झाली म्हनून. मनूला बघायला येनारी मानसं दारातनं मागं फिरतील."

मनू म्हणजे माझी भाची, एकुलती. यंदा तिचं जमवायचं चाललं आहे. मी म्हटलं, मग सांगलीला माझ्याकडे ये.

"तुज्या दवाखान्यात? भावाच्या म्होरं बाटली घिऊन हुबी ऱ्हाऊ? लाजंनं मरून जाईन की रं. त्यापरास मी बाटली धाडते. अर्जुना कंडक्टर हाय, तो दील आनून."

कंडक्टरला काय सांगशील, असं विचारलं तर पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "तूप हाय म्हनून सांगीन. भावाला बहीन आनी काय धाडती?"

३ फेब्रुवारी

तूप आलं. अर्जुना कंडक्टरने ते स्टँडवर दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केलं आणि म्हणाला, "लय जपून आनलंय मास्तर, वास मातूर घिऊ दिला न्हाई बाईनं." मला हसू आवरेना.

जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. पिशवीत आडवी पडून आली, तरी फडकं कोरडं ठणठणीत. बुचाला आतूनबाहेरून तांबूस लेप लावून ते गच्च बसवलेलं. पुण्याच्या लाखेला लाज वाटावी असं काम. चाकूने टोकरून काढावं लागलं, त्यात दोनचार ढलप्या आत पडल्या. गाळून घेतलं.

नळी उकळली. पिवळी, कडेला नारिंगी.

पुन्हा केली. तीच.

बारा वर्षं मी लोकांच्या नळ्या बघतो आहे, एकच नळी तिसऱ्यांदा कधी केली नाही. आज केली. जानेवारीतली ती चूक झाली नसती तर मी कदाचित मनाची समजूत घातली असती. पण आता डोळ्यांवर कातडं ओढणार नाही, मग ती माझी बहीण का असेना.

१२ फेब्रुवारी, आष्टा

सांगितलं. आक्काने हातातला चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "चहातबी न्हाई?" मी मान हलवली. तेवढ्यानेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उसाच्या गावात जन्म काढलेली बाई, तिला गुळाशिवाय घास उतरत नाही.

डॉक्टरांनी साखर उतरवायची गोळी सुरू केली, रोज सकाळी अर्धी. दर पंधरवड्याला बाटली माझ्याकडे यायची. दाजींनी सगळं अंगावर घेतलं. लालासाहेब हवालदार पेन्शनीत आले तरी त्यांची परेड सुटलेली नाही. गुळाची ढेप, साखरेचा डबा, काकवीचा रांजण, सगळं कोठीत घालून कुलूप ठोकलं. "नानासो, तुमी ऑर्डर द्या. ऑर्डर म्हंजी ऑर्डर. येक दाना आत जायचा न्हाई."

बुचाच्या लेपाचं मी कौतुक केलं तर आक्काची कळी जरा खुलली. "गूळ-चुना हाय त्यो. गुऱ्हाळावर काकवीच्या घागरीला लावत्यात. येस्टीत उलटीपालटी झाली तरी ठिपूस गळायचं न्हाई." मग दाजींकडे बघून म्हणाली, "पर आता गूळ कुटनं आनू? कोठीला तर टाळं."

"सीलिंगपुरता इश्यू करीन," दाजी गंभीरपणे म्हणाले. "लिंबायेवढा खडा. बाटली धाडायच्या दिवशी."

इतकी शिस्त माझ्या दवाखान्यात असती तर काय हवं होतं.

१९ मार्च

आक्काची जखम भरून आली. साखरेच्या पेशंटची जखम इतक्या लवकर भरत नाही, असं मोठे डॉक्टर सहज बोलता बोलता म्हणाले. गोळीचा गुण, दुसरं काय.

बाटली मात्र नारिंगी. टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेलो, येईतो मुंग्यांची रांग. बुचाच्या कडेला तर झुंबड. पूर्वीचे वैद्य मुंग्या बघूनच हा रोग ओळखत. आज मुंग्यांनी माझी पडताळणी केली म्हणायची. यात आनंद मानावा असं काही नाही, तरी खात्री झाली की जरा बरं वाटतं.

५ एप्रिल

पुण्याहून दुसऱ्या फेरीचा निकाल. चारही बाटल्या बरोबर. पैकीच्या पैकी. एका लघवीत अगदी कणभर साखर होती, ती जिल्ह्यात बऱ्याच जणांना सापडली नाही, मला सापडली. डॉक्टरांनी निकाल सगळ्यांसमोर वाचला. नर्सबाया या वेळी वर बघत होत्या.

संध्याकाळी पेढे घेऊन घरी आलो. तोंडात घालताना आक्काची आठवण आली आणि पेढा कडू झाला.

१७ एप्रिल

आज जे घडलं त्याने डोकं अजून तापलेलं आहे.

आष्ट्याच्या डॉक्टरांनी आक्काचं रक्त तपासायला सांगितलं होतं. रक्तातली साखर आमच्याकडे होत नाही. म्हणून ती पहाटेची गोळी घेऊन, उपाशीपोटी, पहिल्या बसने आली. एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं आणि आमच्या घरी आली. बसल्या बसल्या तिला दरदरून घाम फुटला. हात लटलट कापायला लागले. मला ओळखेना. "बाबा आलं काय?" म्हणायला लागली. बाबा जाऊन वीस वर्षं झाली.

मी रिक्षा बघायला धावलो. परत येतो तर ही आक्काला मांडीवर घेऊन बशीने चहा पाजते आहे. साखरेचा, चांगला गोड. मी बशी हिसकावून घेतली. पण पोटात गेला तो गेलाच. आणि घटकाभरात आक्का उठून बसली, पदर सावरला, म्हणाली, "काय झालं रं? असा का बघतोस?"

मी हिला नको नको ते बोललो. विष पाजलंस म्हणालो.

"आवं, डोळं उघडलं न्हवं वन्संनी?" ही म्हणाली. "मला तपासनी कळत न्हाई. त्यास्नी बरं वाटलं ते दिसलं."

दारुड्यालाही दारू पिऊन बरंच वाटतं. रोग लाडावला की असाच वरवर गोड वागतो. हे हिला कोण समजावणार? आक्काला परत बसमध्ये बसवताना तिने माझा हात धरून ठेवला होता. तिचा हात केवढा हलका झाला आहे. मला फार भीती वाटली.

१९ एप्रिल

रक्ताचा निकाल आला. साखर नाही. उलट थोडी कमीच लिहिली आहे.

क्षणभर आनंदाने रडू येईल असं झालं. मग शांतपणे विचार केला. लॅब कुठली? पडताळणीत आहे का? नाही. मी स्वतः जाऊन विचारून आलो. मालक म्हणाला, असल्या परीक्षा द्यायला वेळ कुणाला आहे. म्हणजे ज्याला कुणी कधी तपासलं नाही अशा माणसाचा आकडा धरायचा, आणि जिल्ह्यात पैकीच्या पैकी मिळवलेली नळी सोडून द्यायची. माझ्या डोळ्यांनी मी विटकरीकडे झुकलेला रंग पाहिला आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

२३ एप्रिल, आष्टा

आष्ट्याचे डॉक्टर भले माणूस आहेत, पण कच्चे. म्हणाले, "रक्तात नाही, लघवीत आहे, हे काही माझ्या ध्यानात येत नाही. गोळी थोडे दिवस थांबवून बघू या का?"

मी पुण्याचा निकाल खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचला. "जिल्ह्यात पहिले तुम्ही?" पहिल्यांमध्ये, मी म्हणालो. मग ते बराच वेळ रक्ताचा कागद बघत राहिले आणि शेवटी तो घडी घालून बाजूला ठेवला. अर्धीऐवजी अख्खी गोळी लिहून दिली.

घरी आलो तर दाजी अंगणात उभे. "काय ऑर्डर?" अख्खी, म्हणालो. "येस," म्हणाले आणि आत गेले.

१६ मे

पडताळणीवाले एक साहेब पुण्याहून बघायला आले होते. वय असेल तिशीचं. आले ते आधी माझं मोरीजवळचं फडताळ उघडून बसले.

"पेशंट लघवी कशात आणतात?"

ज्याच्या त्याच्या घरच्या बाटलीत, मी सांगितलं. आम्ही बाटल्या पुरवायला हे काही मुंबईचं इस्पितळ नाही.

"आधी त्या बाटल्यांत काय असतं?"

मी म्हणालो, साहेब, आलं ते तपासायचं, हे माझं काम. बाटलीच्या पूर्वजन्माचा माझ्या तपासणीशी काय संबंध? त्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्या बाटल्या तुमच्यापर्यंत स्वच्छ येतात. त्यामुळे आमची परीक्षा तुमच्या टेबलावर सुरू होते आणि टेबलावर संपते. घर ते टेबल यामध्ये काय होतं ते आम्हाला कधीच कळत नाही. ती उणीव आमची आहे."

उंटावरचा शहाणा. आपल्याच परीक्षेला नावं ठेवणारा परीक्षक मी पहिल्यांदा पाहिला. आज आक्काची बाटली यायची होती. कशी बंद करून पाठवतात ते त्यांना दाखवलं असतं म्हणजे तोंड बंद झालं असतं. पण बस तासगावच्या बाजूला वळवली होती आणि साहेबांना पुढे जायचं होतं.

बाटली संध्याकाळी आली. विटकरी. पहिल्यांदाच पुरती विटकरी. उन्हाळ्याने लेपही वितळून बुडापर्यंत ओघळला होता.

११ जून, आष्टा

आक्का ओळखू येत नाही. गालफडं बसली आहेत. सकाळी उठली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. दुपारी भाकरी पोटात गेली की जरा माणसात येते.

दाजी परसात गेलेले बघून ती माझ्याजवळ सरकली. "नाना, रागं भरू नगंस. पोटात सारखा खड्डा पडतोय. येक दशमी गुळासंगं खाल्ली तर न्हाई का चालायचं?"

मी म्हणालो, आक्का, तुला जगायचं आहे ना? मनूचं लग्न बघायचं आहे ना?

"व्हय तर." मग लहान पोरीसारखं हळूच म्हणाली, "परवा बूच लावताना बोटाला गूळ लागला तवा चाटलं. लय बरं वाटलं रं. अंगात जीव आल्यावानी झालं."

तिला रागावलो. रागावलो म्हणजे चांगलाच ओरडलो, मनू बाहेर धावत आली. जिने मला बोट चाटून साय खायला शिकवलं, तिच्यावर मी बोटभर गुळासाठी ओरडलो. परत येताना बसमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण एवढ्यातेवढ्याने साखर चढतेच, नळी विटकरी होते ती उगाच नाही.

४ जुलै

विटकरी.

१८ जुलै

विटकरी. डॉक्टरांना निरोप दिला. आता दोन गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक.

मी काय करू? रोज लोकांच्या नळ्या तपासताना वाटतं, एखाद्या दिवशी तिची निळी निघेल आणि मी ती तशीच हातात घेऊन आष्ट्यापर्यंत पळत जाईन. पथ्य चोख, गोळ्या चोख, आणि रंग चढतोच आहे. देवावर माझा फारसा भरवसा नव्हता. आता औषधावरचाही उडत चालला आहे. हिने परवा पुन्हा तोंड उघडलं, "वन्संस्नी हितं आना, चार दीस माज्या हातचं खाऊ दे." तुझ्या हातचं म्हणजे तो गोड चहा, मी म्हणालो. अलीकडे ती माझ्याशी बोलतच नाही.

२१ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. अर्जुनाने बाटली दिली. विटकरी. उद्या रजा काढून आष्ट्याला जाऊन येतो.

२८ ऑगस्ट

आक्का गेली. मंगळवारी सकाळी. मी बसमध्ये होतो.

आज पहिल्यांदा लेखणी हातात धरवते आहे. दाजींनी आणि शेजारच्या धोंडुबाईंनी सांगितलं ते लिहून ठेवतो, नाही तर छातीत तसंच राहील.

सोमवारचा उपास होता. दिवसभर दोन घोट ताक. संध्याकाळी उपास सोडायला बसली तर दोन घासांनंतर उलटून पडलं. गोळी मात्र दाजींनी आठवणीने दिली. पहाटे मनू उठवायला गेली तर अंथरूण घामाने चिंब, दातखीळ बसलेली, घशातून घरघर. मनूने आरडाओरडा केला. धोंडुबाई मूठभर साखर पदरात घेऊन धावत आल्या. "आवं, जिबंवर साखर तरी ठिवू द्या. मागं सांगलीला चा पाजल्यावर उठून बसली हुती म्हनं."

दाजी उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "साखरेचा पेशंट हाय ती. नानासोची ऑर्डर न्हाई."

धोंडुबाई पाया पडल्या त्यांच्या. मनू पाया पडली. ते हलले नाहीत. कारखान्याची जीप आणायला माणूस गेला होता. जीप दारात आली तेव्हा सगळं संपलं होतं.

मी पोचलो तेव्हा दाजी भिंतीला टेकून बसले होते. मला बघून उभे राहिले, हात पाठीमागे बांधले, आणि एवढा मोठा माणूस ओठ घट्ट मिटून रडायला लागला. "नानासो, मी आत येक दाना जाऊ दिला न्हाई." मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. शेवटपर्यंत पथ्य सांभाळणारा असा नवरा किती जणींना मिळतो?

धोंडुबाई मात्र माझ्याकडे असं बघत होत्या की मी मान वर करू शकलो नाही. अडाणी बाई आहे. तिला काय माहीत.

१५ सप्टेंबर

तिसऱ्या फेरीचा निकाल. पुन्हा पैकीच्या पैकी. या वेळी सोबत प्रशस्तिपत्र आहे, सोनेरी काठाचं. डॉक्टरांनी ते चौकटीत बसवून माझ्या टेबलावरच्या भिंतीला लावलं. टाळ्या वाजल्या. मी आभार मानले की नाही ते आठवत नाही.

सगळे गेल्यावर त्या चौकटीखाली बसून होतो. माझं एकही उत्तर चुकलं नाही. फेब्रुवारीपासून एकही नाही. आणि तरी ती गेली. बरोबर असून माणूस वाचत नसेल तर बरोबर असण्याला काय जाळायचं आहे? मरावंसं वाटतं असं लिहिणार होतो. लिहीत नाही. पण जगण्याचंही काही कारण दिसत नाही. नळ्या धुतल्या, घरी आलो. हिने ताट वाढलं, जेवलो नाही.

८ ऑक्टोबर, आष्टा

दाजी एकदम म्हातारे झाले. मनूला माणदेशाकडचं एक स्थळ आलं आहे. दहिवडीजवळचं गाव, मुलगा मुंबईत गोदीत कामाला. पोरगी त्यांना पसंत. फक्त मुलाची आजी म्हणाली, पोरीची आई साखरेनं गेली म्हणे, पोरीचं काय?

प्रश्न रास्त आहे. रक्तातून उतरतो हा रोग. आणि इथे आल्यापासून मनूला बघतो आहे, आई गेल्यावर पोरगी नीट जेवतच नाही. उठताना भोवळ येते. मी म्हणालो, तपासून घेऊ.

ती लाजली. लाज तिच्या आईचीच आहे. म्हणाली, "मामा, हितं नगं. मी बाटली धाडते."

१७ ऑक्टोबर

अर्जुना आज हसला नाही. बाटली हातात देऊन नुसता म्हणाला, "मनूनं तूप धाडलंय." आणि बसमध्ये चढला. बहुधा त्याला कधीपासूनच माहीत असावं.

फडकं सोडलं. तोच लेप, तीच सफाई. फडक्याच्या घडीतून चिठ्ठी निघाली: 'मामा, आईनं दाखवलं होतं तसंच बूच लावलंय. बाबांनी गूळ जरा जास्तच काढून दिला, म्हणून घट्ट बसलंय.' मला ते अक्षर वाचवेना. पोरीने आईच्या हातचं सगळं उचललं आहे.

दिवा लावला. देवाचं नाव घेतलं, मी. नळी उकळायला लागली तशी आधी हिरवी झाली, मग पिवळी, आणि बघता बघता विटकरी.

दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा केली. मग टेबलावर डोकं ठेवून रडलो. वरती भिंतीवर ते सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र.

रडून भागणार नव्हतं. आष्ट्याच्या डॉक्टरांना सविस्तर लिहिलं. या वेळी त्यांनी रक्ताचा घोळ घातला नाही तर बरं. दाजींना लिहिलं: दहिवडीकरांना खरं ते सांगून टाका, फसवून पोर देऊ नये. गोळी उद्यापासून, सकाळी एक. गोड पूर्ण बंद. दर पंधरवड्याला बाटली. पत्रं शेवटच्या बसने अर्जुनाकडे दिली.

आक्काच्या वेळी आपल्याला उशीर झाला. मनूचा रोग अगदी सुरुवातीलाच हाती लागला आहे, आणि वय लहान आहे, गोळ्या पुष्कळ वर्षं घेता येतील.